पुंजभौतिकी बीडला किती वेळा आली?

भास्कराचार्यांचे ‘विज्जडवीड’ म्हणजे आपले बीड, असे बीड जिल्ह्यात अनेकांना मनापासून वाटते. 1150 मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा करणाऱ्या या गणितज्ञाने आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे म्हणून सांगितले आहे. त्या वर्णनावर विजापूर हक्क सांगते, चाळीसगावजवळचे पाटण सांगते आणि बीडही सांगते. पुराव्याचे पारडे पाटणकडे झुकते ते एका शिलालेखामुळे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला शके 1128 चा, म्हणजे इ.स. 1206-07 चा हा लेख सांगतो की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्याला दान दिले. लेखाच्या शेवटी मराठी ओळी आहेत. बाजारात येणाऱ्या मालातला वाटा मठाला लावून दिल्याची नोंद त्यांत आहे. जन्मगावाच्या वादापेक्षा ही नोंद मला मोलाची वाटते. अवघड विषय एखाद्या मुलखात कशाने टिकतो, ते ती दाखवते. ग्रंथ लागतो, तो शिकवणाऱ्यांची परंपरा लागते, आणि शिकवणाऱ्याच्या पोटाची सोय लागते. शिकणाऱ्याला त्या ग्रंथाची भाषा कळावी लागते, हे ओघानेच आले. या कसोटीवर बीड जिल्ह्यातल्या पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटम फिजिक्सच्या, शिक्षणाचा इतिहास तपासला तर असे दिसते की हा विषय इथे दोनदा आला आणि दोन्ही वेळा त्याचा एकेक आधार निखळलेला होता. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीबरोबर तो आता तिसऱ्यांदा येतो आहे. विद्यार्थी कमी पडले म्हणून विषय रुजला नाही, हे नेहमीचे उत्तर इतिहासाला धरून नाही.

या विषयाला जगातही फार मोठा इतिहास नाही. 14 डिसेंबर 1900 रोजी माक्स प्लांकने बर्लिनमध्ये तापलेल्या वस्तूच्या प्रारणाचे सूत्र मांडले, तेव्हा ऊर्जा ठरावीक मापाच्या हप्त्यांनीच दिली-घेतली जाते असे त्याला गृहीत धरावे लागले. 1905 मध्ये आइन्स्टाइनने प्रकाशालाच ते लागू केले, 1913 मध्ये बोरने अणूला लागू केले, आणि 1925-26 मध्ये हायझेनबर्ग व श्रोडिंगर यांनी वेगवेगळ्या वाटांनी त्याचे पूर्ण गणित उभे केले. या धावपळीत हिंदुस्थान प्रेक्षकांत बसलेला नव्हता. ढाक्याचे विद्यापीठ 1921 मध्ये सुरू झाले, आणि तीनच वर्षांनी तिथले अध्यापक सत्येंद्रनाथ बोस यांनी प्लांकच्या सूत्राची नवी सिद्धता आइन्स्टाइनला पाठवली. ती सुचण्याचे कारण वर्गाशी जोडलेले आहे: प्रचलित सिद्धता शिकवताना तिच्यातली विसंगती त्यांना बोचत होती. बड्या प्रयोगशाळेशिवाय, नुकत्याच निघालेल्या विद्यापीठात, शिकवता शिकवता नवे भौतिकशास्त्र जन्मले. आडगावात असले विषय काय करायचे, असे विचारणाऱ्याने 1924 चे ढाका आठवावे. मात्र बोस एकटे नव्हते, हेही लगेच सांगायला हवे. कलकत्ता विद्यापीठात 1916 पासून पदव्युत्तर भौतिकीचे वर्ग होते, तिथे मेघनाद साहा सहाध्यायी आणि सहकारी होते, आणि दोघांनी मिळून आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे लेख जर्मनमधून इंग्रजीत आणले होते. ढाक्याच्या त्या कागदामागे अशी घडलेली साखळी होती.

त्या काळात बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि या संस्थानाने शिक्षणात एक धाडस केले होते. 1917 मध्ये त्याने भाषांतर विभाग, म्हणजे दारुल तर्जुमा, उभारला आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापले. तिथे इतिहास आणि कायद्याबरोबर भौतिकशास्त्र, रसायन आणि गणितही उर्दूतून शिकवायचे ठरले, इंग्रजी सक्तीची दुसरी भाषा राहिली. हिंदुस्थानी भाषेतून आधुनिक विज्ञान थेट पदवीपर्यंत नेण्याचा एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा हा पहिला प्रयोग. पारिभाषिक शब्द कसे घडवावेत यावर वहीदुद्दीन सलीम यांनी 1921 मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भौतिकीला तबीआत, ऊर्जेला तवानाई, सापेक्षतेला इज़ाफ़ियत, अशी भाषा वर्गात रुळली. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचे मोठे काम औरंगाबादेतून चाले, आणि 1928 मध्ये तिने ‘सायन्स’ नावाचे उर्दू नियतकालिक काढले. त्याच वर्षी पुण्यात मराठी ‘सृष्टिज्ञान’ सुरू झाले. त्याच वर्षी 28 फेब्रुवारीला रामन यांनी आपला परिणाम जाहीर केला, आणि तो पुंजसिद्धांताचा एक ठसठशीत पुरावा ठरला. बीडच्या जिज्ञासू मुलाची अडचण या योगायोगात नेमकी दिसते. त्याच्या मायबोलीतले विज्ञानाचे मासिक इंग्रजी मुलखातल्या पुण्यात निघत होते, आणि त्याच्या राज्याचे विद्यापीठ त्याला उर्दूतून शिकायला सांगत होते.

तरीही त्या उर्दू वर्गात काय मिळू शकले असते, याची नीट दखल घ्यायला हवी. मुहम्मद रज़ीउद्दीन सिद्दीकी हे हैदराबादचे, उस्मानियाचेच पदवीधर. पुढे ते केंब्रिजला गेले आणि मग लाइपझिगला डॉक्टरेटसाठी. त्या वेळी लाइपझिगला हायझेनबर्ग प्राध्यापक होता आणि जगभरचे तरुण त्याच्या चर्चासत्राला येत होते. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला सिद्दीकी उस्मानियात गणिताचे प्राध्यापक म्हणून परतले, क्वांटम मेकॅनिक्सवर त्यांनी व्याख्याने दिली आणि सापेक्षतेवर उर्दूत पुस्तक लिहिले. याचा अर्थ असा की, बीडचा एखादा विद्यार्थी तेव्हा हैदराबादला पोचला असता तर विषय जिथे घडत होता तिथून थेट आलेल्या माणसाच्या हाताखाली तो शिकू शकला असता, आणि तेही हिंदुस्थानी भाषेतून शिकवणाऱ्या विद्यापीठात. पुंजभौतिकी बीडपर्यंत पहिल्यांदा आली ती अशी, चारशे किलोमीटरांवर येऊन थांबली. एवढ्या ताज्या अवस्थेत ती नंतर कधीच आली नाही.

इथे रास्त आक्षेप येतो. उस्मानियाची उर्दू ही राज्यकर्त्यांची भाषा होती. संस्थानातल्या बहुसंख्य लोकांच्या घरी तेलुगू, मराठी किंवा कन्नड बोलली जाई. बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला उर्दू इंग्रजीइतकीच परकी, आणि मराठी शाळा मुळातच थोड्या. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. 1938 च्या अखेरीस उस्मानियाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हटले, विद्यापीठाने त्यांना काढून टाकले, आणि नागपूर विद्यापीठाने कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने त्यांतल्या अनेकांना सामावून घेतले. मराठवाड्यातली पोरे अपमान गिळून उर्दू वर्गात बसली नाहीत, याचा अभिमानच वाटतो. त्याच वर्षी स्वामी रामानंद तीर्थ मोमिनाबादची, म्हणजे आजच्या अंबाजोगाईची, शाळा सोडून हैदराबादच्या सत्याग्रहात उतरले. लढा न्याय्य होता. त्याची शैक्षणिक किंमत मात्र आपण कधी मोजली नाही. 1948 च्या पोलीस कारवाईनंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले, तीस वर्षांची पुस्तके आणि परिभाषा कपाटात गेली, सिद्दीकी पाकिस्तानात गेले आणि तिथल्या विद्यापीठांचे कुलगुरू झाले. माध्यम चुकीचे होते म्हणून ते बदलले, इथपर्यंत ठीक. ‘आपल्याकडच्या भाषेत उच्च विज्ञान शिकवता येते’ हा त्यातला सिद्ध झालेला भाग मराठीने उचलायला हवा होता. तो कुणी उचलला नाही.

दुसरे आगमन 1950 च्या दशकात झाले. अंबाजोगाईला 1956 मध्ये योगेश्वरी महाविद्यालय निघाले, मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये औरंगाबादेत स्थापन झाले, आणि 1960 मध्ये बीड शहरात बलभीम महाविद्यालय आले. मुलाला आता हैदराबाद गाठायची गरज उरली नाही, एस.टी.च्या टप्प्यात बी.एस्सी. आली. या पिढीच्या संस्थाचालकांनी आणि प्राध्यापकांनी दुष्काळी जिल्ह्यात उभे केलेले काम थोर आहे. पण पदवीचा साचाच असा होता की भौतिकी, रसायन आणि गणित हे तीन विषय समान वजनाने शेवटपर्यंत चालत. ‘पीसीएम ग्रुप’ हा शब्द तिथूनच घरोघर पोचला. कलकत्ता किंवा दिल्लीला ऑनर्सचा विद्यार्थी पदवीची वर्षे मुख्यतः एका विषयाला देत असताना मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला भौतिकीचा एक तृतीयांश येई, आणि त्या तृतीयांशात क्वांटमला तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पेपरचा तुकडा, बहुधा अभिजात यांत्रिकीच्या शेजारी. पुंजभौतिकी जिल्ह्यात पोचली, पण विषय म्हणून नाही, प्रकरण म्हणून.

प्रकरण आणि विषय यांत फरक पडतो तो असा. प्रकरणात श्रोडिंगरचे समीकरण फळ्यावर येते, खोक्यात कोंडलेल्या कणाच्या ऊर्जापातळ्या काढल्या जातात, अनिश्चिततेच्या तत्त्वावर टीप लिहिली जाते, आणि परीक्षा होते. विद्यार्थ्याला सूत्र पाठ असते, पण खोक्यातल्या कणाची ऊर्जा शून्य का होऊ शकत नाही, हा प्रश्न त्याच्या मनात येण्याआधीच सत्र संपते. ऑनर्सच्या पायाभूत अभ्यासक्रमाची गोष्ट निराळी. त्याला आधी रेषीय बीजगणित लागते, संभाव्यता लागते, तरंगांचे गणित हातात बसलेले लागते. मग दोन फटींचा प्रयोग येतो आणि एकेकटा सोडलेला इलेक्ट्रॉनसुद्धा अखेरीस तरंगाचीच नक्षी काढतो, हे विद्यार्थ्याला काही आठवडे छळते. श्टेर्न आणि गेरलाख यांनी 1922 मध्ये चांदीच्या अणूंचा झोत चुंबकातून सोडला, तो पसरट पट्टा न होता दोन भागांत फुटला. या एका निरीक्षणावरून मोजमाप म्हणजे काय याचा सगळा विचार उलगडता येतो. हायड्रोजनचा अणू स्वतः सोडवावा लागतो, चुका करून, दोन-तीन रात्री खर्चून. या विषयात गोंधळून जाणे हा शिक्षणाचाच टप्पा आहे आणि गोंधळायला वेळ लागतो. तृतीयांश पदवीत तो वेळ नव्हता. विद्यार्थ्यांची क्षमता कमी होती असे म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना मिळालेले तास मोजावेत.

गणित हीच भौतिकीची भाषा, तेव्हा मराठी-इंग्रजीचा प्रश्न कशाला, असे अनेक चांगले शिक्षक म्हणतात. गणित सोडवण्यापुरते ते खरे आहे. पण पुंजभौतिकीची अडचण समीकरण सुटल्यानंतर सुरू होते. ‘स्थिती’ म्हणजे काय, ‘मोजणे’ म्हणजे काय, या साध्या शब्दांवर बोर आणि आइन्स्टाइन वर्षानुवर्षे भांडले. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकासमोर येतो. बारावीत तो प्रकाशविद्युत परिणाम शिकतो तो नीट किंवा सीईटीच्या पर्यायांतून बरोबर खूण करण्यापुरता. तिथून बी.एस्सी.ला आलेल्या मुलाला शब्दांवरचे हे भांडण कोणत्या भाषेत करायचे, हे ठाऊकच नसते. बोस यांना हे कळत होते. 1948 मध्ये त्यांनी बंगालीतून विज्ञान नेण्यासाठी वंगीय विज्ञान परिषद काढली, आणि स्वतःचे शोधकार्य मात्र जगाच्या भाषांत ठेवले. इंग्रजी टाकावी असे मी म्हणत नाही. शंका मराठीत विचारता याव्यात आणि उत्तर दोन्ही भाषांत लिहिता यावे, एवढेच म्हणतो.

मराठीत शब्द नाहीत, ही तक्रारही तपासून पाहू. शब्द आहेत, त्यांच्यात एकवाक्यता नाही. विश्वकोशाने क्वांटमला ‘पुंज’ म्हटले आणि ‘पुंजयामिकी’वर स्वतंत्र नोंद दिली. ‘पोटेन्शियल’ला त्याच विश्वकोशात ‘वर्चस्’ म्हटले आहे, आणि त्यालाच शालेय पुस्तक ‘विभव’ म्हणते. ‘पुंज’ या शब्दाबद्दलही माझी एक कुरकुर आहे. कापसाच्या या मुलखात पुंजका म्हणजे कडा नसलेला भुसभुशीत गोळा, आणि क्वांटमचा मुद्दा तर नेमक्या, न फुटणाऱ्या मापाचा. वर्गात शिक्षक ‘क्वांटम’च म्हणतात आणि ते योग्यच करतात. पण अमूर्त विचार मराठीला पेलत नाही, असे निदान अंबाजोगाईने तरी म्हणू नये. मुकुंदराजांची समाधी तिथे दाखवली जाते. ‘विवेकसिंधु’चा 1188 हा परंपरागत काळ आणि रचनेचे ठिकाण यांवर अभ्यासकांत मतभेद आहेत, तरी अद्वैतासारखा सूक्ष्म विषय त्या ग्रंथाने मराठीत आणला यावर नाहीत. मुकुंदराजांचे नाव मी भाषेच्या सामर्थ्यापुरतेच घेतो. अद्वैतात क्वांटम आधीच सांगितले आहे, असे म्हणणारे दोन्हींवर अन्याय करतात: एक आत्मबोधाचे शास्त्र आहे, दुसरे प्रयोगाने खोटे पाडता येईल अशा आकड्यांचे.

दरवर्षी लाखो ऊसतोड कामगार ज्या जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, तिथे क्वांटमची चैन कशाला, हा आक्षेप सगळ्यांत जिव्हारी लागणारा. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, कोयत्याबरोबर कुटुंब जाते, आणि मुलाची शाळा मधेच तुटते; ज्या साखळीबद्दल मी बोलतो आहे ती घराच्या उंबऱ्यावरच तुटते. हे आधी थांबले पाहिजे, यात वादच नाही. पण गरीब जिल्ह्याला फक्त पोटापुरते शिक्षण द्यावे, हा निष्कर्ष मला अमान्य आहे. जगात 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून केली जाते. मोंढ्यात ज्या मापाने कापूस तोलला जातो, त्याचा आधार आता पॅरिसजवळ जपलेला धातूचा ठोकळा नाही, 6.62607015 गुणिले दहाचा उणे चौतिसावा घात हा आकडा आहे. शेतातल्या सौरपंपाचे पॅनेल आणि वस्तीवरचा एलईडी दिवा पुंजभौतिकीवरच चालतात. विषय गावात आधीच येऊन बसला आहे, तो समजून घेणारी माणसे तेवढी बाहेर पाठवावी लागतात.

त्या एलईडीतच स्वस्त प्रयोगशाळाही आहे. साधारण 630 नॅनोमीटरचा तांबडा दिवा दोन व्होल्टच्या आसपास पेटू लागतो, 470 नॅनोमीटरचा निळा अडीच व्होल्टच्या पुढे. चार-पाच रंगांचे दिवे, बॅटरी, एक रोधक आणि मल्टिमीटर घेऊन आलेख काढला की प्लांकचा स्थिरांक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीत उतरतो. तो अचूक येत नाही; का येत नाही, यावर अर्धवाहकांचा एक तास सहज रंगतो. काही लाखांची यंत्रे नसल्याचे कारण पहिल्या अभ्यासक्रमासाठी तरी पुरेसे नाही.

आता तिसरे आगमन. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून बदल लागू झाले: तीन वर्षांची किमान 120 श्रेयांकांची पदवी, आणि चौथे वर्ष केल्यास किमान 160 श्रेयांकांची ऑनर्स. एका मुख्य विषयाला आता पीसीएमपेक्षा जास्त जागा आहे. केंद्राने 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले, संयुक्त राष्ट्रांनी 2025 हे क्वांटम वर्ष म्हणून साजरे केले. कागदावर एवढी अनुकूलता पूर्वी कधीच नव्हती. पण चांगदेवाच्या मठाची कसोटी लावली तर निखळलेला आधार लगेच दिसतो. उस्मानियाच्या वेळी ग्रंथ आणि शिक्षक होते, भाषा परकी होती. 1960 नंतर महाविद्यालय दाराशी आले, विषयाला तास नव्हते. आता तास आले आहेत आणि शिक्षकाच्या पोटाची सोय गेली आहे. राज्यभर कायम पदे रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावर काम करणारा सेट-नेट झालेला तरुण पुढच्या सत्रात आपण असू की नसू या चिंतेत वर्गावर जातो. दुसऱ्याला गोंधळू देऊन त्यातून बाहेर काढण्याचे काम करणाऱ्याला स्वतःला स्थैर्य लागते. दरवर्षी बदलणारा शिक्षक प्रकरण शिकवू शकतो. विषय उभा करायला तोच माणूस दहा-पंधरा वर्षे तिथे असावा लागतो, आणि त्याच्या हाताखालचा एखादा विद्यार्थी परत येऊन शेजारी उभा राहावा लागतो. बाजारातला वाटा मठाला लावून देणाऱ्यांना तेराव्या शतकाच्या आरंभी हे कळले होते.

2024 मध्ये प्रवेश घेतलेली पहिली तुकडी 2027 च्या जूनमध्ये चौथ्या वर्षाला जाईल. त्याआधी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या भौतिकी विभागांनी एकत्र बसून दोन भाषांतली टिपणे लिहावीत, एलईडीचा प्रयोग प्रत्येक ठिकाणी मांडावा, आणि शासनाने प्रत्येक विभागात क्वांटम शिकवणारे निदान एक कायम पद भरावे.